तीन हजारांत वायरलेस गेमिंग माऊस: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

स्वस्त गेमिंग माऊसच्या खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला आकडा असतो डीपीआयचा. १२,०००, १६,०००, २६,०००. माऊस टेबलावर एक इंच सरकला की संगणकाला किती पावलांची हालचाल कळवली जाते, ते या आकड्यावरून समजतं. आता हिशेब करून पाहू. नेहमीचा फुल एचडी पडदा १,९२० पिक्सेल रुंद असतो. माऊस ८०० डीपीआयवर असेल, तर कर्सर या टोकापासून त्या टोकाला न्यायला हात २.४ इंच, म्हणजे सुमारे सहा सेंटिमीटर सरकवावा लागतो. २६,००० डीपीआयवर तेच अंतर दोन मिलिमीटरांच्या आत संपतं. एवढ्याशा हालचालीत नेम धरणं कोणालाच शक्य नाही. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारखे नेमबाजीचे खेळ खेळणारे बहुतेक व्यावसायिक खेळाडू ४०० ते १,६०० डीपीआयच्या दरम्यान राहतात आणि त्यातही ८०० हा आकडा फार दिसतो.

थोडक्यात, ज्या आकड्याची जाहिरात होते तो खेळताना वापरलाच जात नाही. तरी दोन खोकी शेजारी ठेवली की नजर आधी तिकडेच जाते, कारण तुलना करायला तो सगळ्यात सोपा. दोन ते चार हजार रुपयांच्या माऊसमध्ये उत्पादकाला कुठे ना कुठे हात आखडता घ्यावाच लागतो. त्याने तो नेमका कुठे घेतला आहे, हे ओळखता आलं की कमी पैशांतही उत्तम माऊस मिळतो.

गेमिंगच्या जगात वायरलेस माऊसला मान मिळून फार काळ लोटलेला नाही. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी पहिला माऊस बनवला. तो लाकडी ठोकळा होता आणि त्याला वायर होती. रेडिओलहरींवर चालणारा माऊस लॉजिटेकने १९९१ मध्ये विक्रीला आणला. पण पुढची पंचवीसेक वर्षं स्पर्धेत उतरणारा खेळाडू वायरलेसला शिवायला तयार नसे आणि त्याची तक्रार रास्त होती. हालचाल पडद्यावर उमटायला उशीर लागे, ऐन वेळी सिग्नल तुटे, बॅटरीमुळे माऊस जड होई. चित्र पालटलं ते गेल्या दशकाच्या उत्तरार्धात. २०१८ मध्ये लॉजिटेकचा ८० ग्रॅमचा ‘जी प्रो वायरलेस’ आला आणि मोठ्या स्पर्धांच्या टेबलांवरून वायरी हळूहळू कमी होऊ लागल्या. सामान्य खेळाडूसाठी मात्र त्याच वर्षीची दुसरी घटना जास्त मोलाची ठरली. कंपनीने तोच वायरलेस दुवा आणि सेन्सरची नवी पिढी एका स्वस्त माऊसमध्ये घातली. अनेक देशांत त्याचं नाव जी३०५, भारतात जी३०४. आजही तीन हजारांच्या आसपास माऊस शोधणाऱ्याची तुलना बहुतेक वेळा त्याच्यापासूनच सुरू होते.

वायरलेस माऊस घेताना पहिला प्रश्न दुव्याचा: माऊसची खबर संगणकाकडे कोणत्या मार्गाने आणि सेकंदाला किती वेळा जाते? या दुसऱ्या भागाला पोलिंग रेट म्हणतात. ऑफिसच्या साध्या माऊसचा पोलिंग रेट बहुधा १२५ हर्ट्झ असतो, म्हणजे दर आठ मिलिसेकंदांनी एक खबर. गेमिंग माऊसचा १,००० हर्ट्झ, म्हणजे दर मिलिसेकंदाला एक. सात मिलिसेकंदांनी काय बिघडतं, असं वाटू शकतं. पण १४४ हर्ट्झचा पडदा दर ६.९ मिलिसेकंदांनी नवं चित्र दाखवतो. त्याच्यासमोर आठ मिलिसेकंदांनी खबर देणारा माऊस अधूनमधून अख्खं चित्र चुकवतो. लक्ष्याच्या मागे फिरणारा नेम मग सलग सरकत नाही, टप्प्याटप्प्याने उडी मारतो आणि हे डोळ्यांना जाणवतं. साध्या ६० हर्ट्झच्या लॅपटॉपवरही फरक कळतो, मात्र तितका ठळक नाही.

ब्लूटूथचा खेळासाठी उपयोग नाही, तो याच कारणाने. माऊसमध्ये वापरल्या जाणाऱ्या कमी ऊर्जेच्या ब्लूटूथमध्ये दोन खबरींमधलं अंतर साधारण साडेसात मिलिसेकंदांच्या खाली जात नाही, म्हणजे सेकंदाला जेमतेम १३३ खबरी. त्यामुळे खेळायचं असेल, तर माऊससोबत येणारा छोटा यूएसबी रिसीव्हर, ज्याला सगळे डोंगल म्हणतात, तोच हवा. अलीकडे अनेक स्वस्त माऊसवर ‘ट्राय-मोड’ असं लिहिलेलं असतं. वायर, रिसीव्हर आणि ब्लूटूथ असे तिन्ही मार्ग त्यात मिळतात. दिवसा ब्लूटूथवर लॅपटॉपचं काम आणि रात्री रिसीव्हरवर खेळ, अशी सोय हवी असणाऱ्या विद्यार्थ्याला ते खरोखर उपयोगी पडतं.

सहाशे-सातशे रुपयांना मिळणाऱ्या ‘वायरलेस गेमिंग’ माऊसची गोम इथेच असते. आत ऑफिसच्याच माऊसचं यंत्र, वर कोनदार प्लास्टिक आणि रंगीत दिवे. खोक्यावर पोलिंग रेट छापलेलाच नसेल, तर तो १२५ समजून चालावं. दुसऱ्या टोकाला आता ४,००० आणि ८,००० हर्ट्झचे माऊस स्वस्त होऊ लागले आहेत. १,००० वरून ८,००० वर गेल्यावर दोन खबरींमधलं अंतर एका मिलिसेकंदावरून ०.१२५ वर येतं. वाचतो तो वेळ पूर्ण एक मिलिसेकंदही नाही. त्याच्या बदल्यात बॅटरी कितीतरी लवकर संपते आणि प्रोसेसरवर भार पडतो. या बजेटमध्ये १,००० हर्ट्झ पुरेसा आहे. त्यावरच्या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

दुव्याचा आणखी एक शत्रू संगणकातच बसलेला असतो आणि त्याची माहिती फार थोड्यांना असते. वायरलेस माऊस २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो. वाय-फाय आणि ब्लूटूथही तिथेच असतात. भारतात हा पट्टा परवान्यावाचून वापरता येतो, म्हणून त्यात गर्दी असते. पण इंटेलने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका तांत्रिक टिपणात सिग्नल अडखळण्याचं वेगळंच कारण मांडलं होतं. यूएसबी ३.० च्या वेगवान डेटामुळे नेमक्या याच पट्ट्यात रेडिओगोंगाट पसरतो आणि पोर्टाशेजारच्या वायरलेस रिसीव्हरला सिग्नल नीट ऐकू येत नाही. घराघरांत हे असं घडतं: संगणकाच्या मागच्या निळ्या पोर्टात एक्सटर्नल हार्ड डिस्क लावलेली, तिच्या शेजारी डोंगल, मध्ये पत्र्याचा कॅबिनेट आणि समोर माऊस. कर्सर अडखळतो, क्लिक गहाळ होतो आणि दोष माऊसला लागतो. काही जण तर माऊस परतही करतात. उपाय फार तर शंभर-दीडशे रुपयांचा आहे. यूएसबीची एक्सटेन्शन वायर घ्यावी आणि डोंगल कॅबिनेटपासून दूर, माऊसपॅडच्या शेजारी आणून ठेवावा. अनेक माऊसच्या खोक्यात यासाठीचा जोड येतो. बहुतेकांकडे तो खोक्यातच पडून राहतो.

आता सेन्सर. माऊसच्या पोटात एक छोटा कॅमेरा असतो. तो टेबलाच्या पृष्ठभागाची चित्रं सतत टिपतो आणि लागोपाठच्या दोन चित्रांतला फरक मोजून माऊस कुठे आणि किती सरकला हे ठरवतो. १९९९ मध्ये आलेला मायक्रोसॉफ्टचा इंटेलिमाऊस एक्सप्लोरर सेकंदाला १,५०० चित्रं टिपायचा. पुढे गेमिंग माऊसमध्ये गाजलेला पीएमडब्ल्यू ३३६० हा सेन्सर सेकंदाला १२,००० पर्यंत चित्रं टिपू लागला. तो पिक्सआर्ट या तैवानी कंपनीचा. आज स्वस्त-महाग बहुतेक गेमिंग माऊसमध्ये याच कंपनीचे सेन्सर असतात. म्हणून खोक्यावर डीपीआयऐवजी सेन्सरचं नाव शोधावं. पीएडब्ल्यू ३३११ किंवा पीएडब्ल्यू ३३९५ असं नाव स्पष्ट दिलेलं असेल, तर निम्मी चिंता मिटली. लॉजिटेकचा स्वतःचा ‘हीरो’ सेन्सरही विश्वासाचा आहे. नाव न देता नुसतंच ‘हाय प्रिसिजन गेमिंग सेन्सर’ असं लिहिलं असेल, तर सांगण्याजोगं नाव नाही असं खुशाल मानावं. अशा माऊसमध्ये मोठा डीपीआय बहुधा सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो. सेन्सर मोजतो तेवढंच, फक्त आकडा गुणून मोठा केला जातो.

३३११ घ्यायचा की ३३९५, यावर खेळाडूंमध्ये बराच वाद चालतो. कागदावर ३३९५ सरस आहे. तो सेकंदाला ६५० इंचांपर्यंतचा वेग मोजू शकतो, ३३११ फक्त ३००. पण सेकंदाला ३०० इंच म्हणजे साडेसात मीटरांहून जास्त. टेबलावर माऊस झटकताना हाताचा वेग तिथवर जात नाही. म्हणून ३३११ असलेला माऊस हाताला बसणारा आणि स्वस्त असेल, तर तो घ्यायला बिचकू नये. उरलेले पैसे चांगल्या कापडी माऊसपॅडवर घालावेत. काचेच्या किंवा गुळगुळीत सनमायकाच्या टेबलावर कॅमेऱ्याला टिपायला पुरेसे बारकावे मिळत नाहीत आणि भारी सेन्सरही तिथे चुकतो.

वजनाच्या बाबतीत स्वस्त माऊसचे सरळ दोन प्रकार पडतात. एक पेन्सिल सेलवर चालणारा, दुसरा आत लिथियम बॅटरी असलेला, चार्ज करायचा. जी३०४ पहिल्या प्रकारातला. एका डबल ए सेलवर तो २५० तास चालतो, असा कंपनीचा दावा आहे. रोज चार तास खेळलं, तरी दोन महिने निघतात. पण साधा अल्कलाइन डबल ए सेलच २३ ग्रॅमांच्या आसपास भरतो आणि तो मागच्या बाजूला बसतो. त्यामुळे ९९ ग्रॅमचा हा माऊस उचलून पुन्हा ठेवताना मागून जड वाटतो. यावर खेळाडूंनीच तोड काढली आहे. सुमारे १५ ग्रॅमचा लिथियम डबल ए सेल घालायचा, किंवा छोटा ट्रिपल ए सेल प्लास्टिकच्या खोळीत बसवून वापरायचा. माऊस नव्वद ग्रॅमांपर्यंत उतरतो. रिचार्जेबल ट्रिपल ए सेल दोन घेतले, तर सेलवरचा वारंवारचा खर्चही थांबतो. मात्र सेल बदलावे लागतात खूप लवकर.

दुसऱ्या प्रकारात गेल्या काही वर्षांत चिनी कंपन्यांनी बाजी मारली आहे. ३३९५ सेन्सर असलेला अटॅक शार्क एक्स३ जेमतेम पन्नास ग्रॅमांचा आहे. काही वर्षांपूर्वी एवढा हलका वायरलेस माऊस घ्यायला याच्या कितीतरी पट पैसे लागत. हलक्या माऊसचा फायदा तासाभराने कळतो, मनगट आणि खांदा थकत नाही तेव्हा. पण इथेही एक किंमत आहे. लिथियम बॅटरी दोन-तीन वर्षांनी क्षीण होते आणि ती बदलून मिळण्याची सोय जवळजवळ नसते. पेन्सिल सेलचा माऊस दहा वर्षांनीही किराणा दुकानातल्या सेलवर चालू होईल. चार्जिंगचा माऊस घेताना वायर टाइप-सी आहे ना आणि चार्ज करताकरता खेळता येतं ना, एवढं तरी पाहून घ्यावं.

आकाराबद्दल यूट्यूबवरचं कुठलंच परीक्षण निर्णय देऊ शकत नाही, कारण हात परीक्षकाचा असतो. मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या घडीपर्यंत पट्टीने मोजावं. माऊसची लांबी त्या मापाच्या साठ टक्क्यांच्या जवळ असावी, असा खेळाडूंमध्ये रूढ असलेला ठोकताळा आहे. १९ सेंटिमीटरच्या हाताला ११.४ सेंटिमीटरचा माऊस. जी३०४ ची लांबी ११.६६ सेंटिमीटर, म्हणजे मध्यम हाताला तो बसतो. पूर्ण तळवा माऊसवर टेकवणाऱ्याला थोडा लांब आणि पाठीला फुगीर माऊस लागतो. बोटं वाकवून, तळव्याचा मागचा भागच टेकवणाऱ्याला आखूड चालतो. केवळ बोटांच्या टोकांनी माऊस हलवणाऱ्याने तर आकारापेक्षा वजनच बघावं. डावखुऱ्यांनी अधिक सावध राहावं. दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा माऊसही बाजूची बटणं बहुतेक वेळा डाव्या अंगालाच ठेवतो. उजव्या हाताच्या अंगठ्यासाठीची ती सोय डाव्या हाताला निरुपयोगी ठरते.

पृष्ठभागाचाही विचार हवा. नवा असताना हाताला मऊ लागणारा रबरी मुलामा मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत आणि घामाने काही वर्षांत चिकट होतो आणि मग कितीही पुसला तरी जात नाही. तिथल्या वाचकांनी साधं खरखरीत प्लास्टिक निवडावं. चकचकीत प्लास्टिक घामाने निसटतं.

पण स्वस्त माऊस अखेर दगा देतो तो बहुधा क्लिकमध्ये. खोक्यावर एक कोटी, पाच कोटी, आठ कोटी क्लिकचं आयुष्य लिहिलेलं असतं. तो आकडा स्विचच्या आतली धातूची पातळ पट्टी किती वेळा वाकू शकते याचा. प्रत्यक्षात पट्टी मोडण्याच्या कितीतरी आधी माऊस ‘डबल क्लिक’ करू लागतो. एकदा दाबलं की दोनदा उमटतं, धरून ठेवलेली फाइल मध्येच सुटते. धातूच्या संपर्कबिंदूंवर ऑक्साइडचा थर धरतो, संपर्क थरथरतो आणि माऊस ती थरथर दोन क्लिक म्हणून मोजतो. बॅटरीवरच्या माऊसमध्ये स्विचमधला प्रवाह क्षीण असल्यामुळे हा थर आपोआप जळून जात नाही. आर्द्रतेने तो वाढतो. ऑप्टिकल स्विचमध्ये ही अडचणच नाही, कारण तिथे धातूचा संपर्क नसून प्रकाशाची तिरीप अडवून क्लिक ओळखला जातो. बजेटमध्ये असा माऊस मिळाला आणि बाकीच्या गोष्टी जुळल्या, तर त्याला झुकतं माप द्यावं. साध्या स्विचचा माऊस घेतला असेल, तर सॉफ्टवेअरमध्ये ‘डिबाउन्स’ची वेळ थोडी वाढवून डबल क्लिकचा त्रास काही महिने पुढे ढकलता येतो. सोल्डरिंग येणाऱ्याला नवे स्विच बसवताही येतात. पुण्याच्या तपकीर गल्लीसारख्या बाजारात इलेक्ट्रॉनिक सुटे भाग शोधण्याची ज्यांना सवय आहे, त्यांच्यासाठी हे काम अवघड नाही.

या बाजारात भारतीय ग्राहकाची एक वेगळी अडचण आहे. परदेशी परीक्षणांत ज्या किमती ऐकू येतात त्या बऱ्याचदा अलीएक्सप्रेस या चिनी खरेदी ॲपवरच्या असतात आणि नोव्हेंबर २०२० पासून भारतात त्या ॲपवर बंदी आहे. तेच माऊस इथे आयातदारांमार्फत येतात आणि जकात, वाहतूक व नफा धरून महाग पडतात. शिवाय वॉरंटी अनेकदा फक्त विक्रेत्याच्या शब्दावर असते. रेडगिअर, कॉस्मिक बाइट, अँट ईस्पोर्ट्स, इव्होफॉक्स, क्रिओ यांसारखी भारतात विकली जाणारी नावं इथे उपयोगी पडतात, कारण तक्रार घेऊन जायला पत्ता असतो. एकाच ब्रँडचा एक माऊस नामांकित सेन्सरचा आणि दुसरा निनावी सेन्सरचा असू शकतो, हे मात्र लक्षात ठेवावं. ब्रँडपेक्षा मॉडेल तपासावं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर माऊस प्रत्यक्ष हातात घेऊन पाहता येतो. ऑनलाइन दोनशे रुपये वाचवण्यापेक्षा ही संधी मोठी आहे. कुठूनही घेतला तरी जीएसटीचं बिल घ्यावं आणि वॉरंटी एक वर्षाची की दोन, ती कोण देणार, हे आधी विचारावं.

माऊस घरी आल्यावर परतीची मुदत संपण्याआधी तासभर त्याची परीक्षा घ्यावी. आधी विंडोजच्या माऊस सेटिंगमधलं ‘एनहान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद करावं. ते चालू असताना हाताच्या वेगानुसार कर्सरची चाल बदलते आणि चांगला माऊसही अनोळखी वाटतो. मग पेंट उघडून सावकाश तिरक्या रेघा ओढाव्यात. रेघ आपोआप सरळ होत असेल, तर माऊस हालचाल ‘सुधारतो’ आहे आणि नेमबाजीत ते घातक आहे. रेघेत कंप दिसला, तर सेन्सर कच्चा किंवा पृष्ठभाग अयोग्य. माऊस जोरात एका दिशेला झटकून सावकाश मूळ जागी आणावा. कर्सर जवळपास तिथेच परतला पाहिजे. पोलिंग रेट आणि डबल क्लिक तपासणारी साधनं ब्राउझरमध्ये फुकट मिळतात. चाकही दोन्ही दिशांनी फिरवून पाहावं, वर सरकवताना पान मध्येच खाली उडी मारत असेल तर आतला एन्कोडर सदोष आहे.

सॉफ्टवेअर कंपनीच्या अधिकृत पानावरूनच घ्यावं आणि रिसीव्हरचं फर्मवेअर अद्ययावत करावं. फेब्रुवारी २०१६ मध्ये बॅस्टिल या सुरक्षा संस्थेने ‘माऊसजॅक’ नावाचा दोष उघड केला. अनेक नामांकित कंपन्यांच्या वायरलेस रिसीव्हरला शंभर मीटरांपर्यंतच्या अंतरावरून खोटे की-स्ट्रोक पाठवता येत होते. सेटिंग माऊसच्याच मेमरीत साठत असतील, तर एकदा जुळवणी करून सॉफ्टवेअर काढून टाकलेलं बरं.

हे सगळं तीन हजारांच्या खिशात बसवायचं, तर निर्णय असा. ज्याला पाच वर्षं चालणारा आणि वॉरंटीची हमी असलेला माऊस हवा आहे, हात मध्यम आहे आणि थोडं वजन चालतं, त्याने जी३०४ घ्यावा आणि त्यात लिथियम सेल किंवा ट्रिपल एची खोळ घालावी. जो रोज तासन् तास व्हॅलोरंट खेळतो त्याने ३३११ किंवा ३३९५ सेन्सरचा, साठ ग्रॅमांच्या आतला, १,००० हर्ट्झचा आणि भारतात बिल व वॉरंटीसह मिळणारा माऊस शोधावा. आणि ज्याच्याकडे हजारच रुपये आहेत, त्याने वायरलेसचा नाद सोडून चांगल्या सेन्सरचा वायरचा माऊस घ्यावा. त्या किमतीत तोच जास्त चांगला खेळतो.